स्त्रेला : खांद्यावरून सुटणारा बाण

आजचा विषय वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस क्षेपणास्त्रांवर काय बोलणार? पण शस्त्रांचा इतिहास फक्त सेनापती आणि अभियंते यांच्या हाती सोपवून चालत नाही, असं माझं जुनं मत आहे. आज ज्याबद्दल बोलायचं आहे ते तेव्हाच्या सोव्हिएत संघात तयार झालेलं एक शस्त्र आहे. साधारण पंधरा किलो वजन. एक माणूस ते खांद्यावर घेतो, नेम धरतो आणि आकाशातलं विमान पाडू शकतो. पहिल्याचं नाव स्त्रेला, रशियन भाषेत बाण. पुढच्याचं नाव इग्ला, म्हणजे सुई. गेली काही वर्षं आपल्या लष्करी खरेदीच्या बातम्यांत ‘इग्ला’ हा शब्द वारंवार येतो, आणि मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघून आपली तरुण मुलं भारावून जातात. किती विमानं पाडली, किती किलोमीटर मारा करतं, एवढंच त्यात असतं. मला वाटतं या शस्त्राची खरी गोष्ट पाडलेल्या विमानांच्या आकड्यात सापडत नाही. ती कुठे सापडते ते आज बघू.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. सप्टेंबर 1948. सोलापूरकडून भारतीय फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या. नळदुर्ग घेतलं, उमरगा घेतलं, पुढचा रस्ता राजेश्वरचा. त्या रस्त्यावर ठिकठिकाणी रझाकार आणि निजामाचे सैनिक दबा धरून बसले होते. तेव्हा टेम्पेस्ट जातीच्या विमानांना पाचारण केलं गेलं आणि त्यांनी ते दबे मोडून काढले. आपल्या लोकांना त्या विमानांचा आनंदच झाला, आपण विमानाच्या बाजूचे होतो. पण क्षणभर खालच्या माणसाकडे बघा. तो कोणत्या बाजूचा आहे हे बाजूला ठेवा. त्याच्या हातात बंदूक आहे आणि डोक्यावर विमान आहे. तो काय करू शकतो? काहीही नाही. पळू शकतो, लपू शकतो, देवाचं नाव घेऊ शकतो.

गंमत म्हणजे त्याच वर्षी उलटी अडचणही होती. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळी विमानं भरून शस्त्रं आणायचा आणि निजामासाठी बीदर, वरंगळ या धावपट्ट्यांवर उतरवायचा. म्हणजे उदगीर-देगलूरकडच्या माणसाच्या डोक्यावरून शत्रूची शस्त्रं जात होती आणि तोही खाली हात चोळत बसण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. जमिनीवरचा एकटा माणूस आणि आकाशातलं विमान यांच्यातलं हे अंतर पहिल्या महायुद्धापासून तसंच होतं. विमानविरोधी तोफा होत्या, पण त्यांना गाडी लागते, सात-आठ माणसं लागतात, दारूगोळ्याचा पुरवठा लागतो. जर्मनांनी 1945 मध्ये शेवटी शेवटी नऊ नळ्यांचा एक खांद्यावरचा अग्निबाण काढला होता, पण त्याला दिशा देणारं काही नव्हतं. युद्ध संपलं आणि तोही संपला.

आता रशियाकडे जाऊ. मॉस्कोच्या आग्नेयेला, मॉस्क्वा नदी ओका नदीला मिळते तिथे कोलोम्ना नावाचं गाव आहे. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, 1942 मध्ये, उखळी तोफांची रचना करण्यासाठी एक संस्था उभी राहिली, तीच पुढे कोलोम्न्याची संस्था म्हणून ओळखली गेली. तिचा प्रमुख बोरिस शाविरिन. या माणसाचं आयुष्य उखळी तोफांत गेलेलं. नळी, पोलाद, बारूद हा त्याचा विषय. 1960 मध्ये सरकारी ठराव झाला की पायदळातल्या एका शिपायाला वापरता येईल असं विमानविरोधी क्षेपणास्त्र बनवायचं, आणि ते काम अखेर या उखळी तोफावाल्यांकडे आलं. शाविरिनला सुरुवातीला हे शक्य वाटलंच नव्हतं. मला हा तपशील आवडतो. ज्याला आपला धंदा नीट कळतो तोच आधी शंका घेतो.

शंका का होती ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास या शंकेतून निघतो. अग्निबाण बनवणं अवघड नव्हतं. अवघड होतं त्याला डोळा देणं, आणि तो डोळा मनगटाएवढ्या जाडीच्या नळीत बसवणं. क्षेपणास्त्राचा व्यास फक्त 72 मिलिमीटर. लांबी सुमारे दीड मीटर. त्यातच इंधन, स्फोटक, पंख, वीज आणि डोळा.

हा डोळा विमान बघत नाही, उष्णता बघतो. जेट विमानाच्या शेपटाकडची तोटी तापून लाल झालेली असते आणि तिच्यातून आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. स्त्रेलाच्या नाकात लेड सल्फाइडचा एक बारीकसा तुकडा होता, हे किरण पडले की त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात. पण नुसतं ‘उष्णता आहे’ एवढं कळून उपयोग नाही, ‘कुठे आहे’ ते कळलं पाहिजे. त्यासाठी त्या तुकड्यासमोर काळ्या-पारदर्शक पट्ट्यांची एक चकती गरगर फिरते. उष्णतेचा ठिपका मधोमध आहे की बाजूला, यावर येणाऱ्या विजेची स्पंदनं बदलतात, आणि त्या स्पंदनांवरून पंख कुठे वळवायचे ते ठरतं. उसाच्या पाचटाच्या कुंपणातून कोणी कंदील घेऊन चाललं तर उजेड लुकलुकताना दिसतो ना, साधारण तसंच. त्या लुकलुकण्यावरून माणूस कुठे आहे याचा अंदाज आपण बांधतो.

दुसरी युक्ती मला त्याहून सुंदर वाटते. क्षेपणास्त्राला डावी-उजवीकडे आणि वर-खाली असं दोन्ही दिशांना वळवायचं तर पंखांच्या दोन जोड्या आणि त्यांना हलवणारी दोन यंत्रं लागतात. जागा कुठे होती? म्हणून त्यांनी क्षेपणास्त्रालाच स्वतःभोवती फिरवत ठेवलं, भोवऱ्यासारखं. आता पंखांची एकच जोडी पुरते. फिरता फिरता ती आडवी असते तेव्हा वर-खाली वळवते, उभी असते तेव्हा डावी-उजवीकडे. फक्त नेमक्या क्षणी हलली पाहिजे. अर्धं वजन वाचलं.

आणि डागणाऱ्याचं काय? अग्निबाणाची ज्वाळा त्याच्या तोंडावर यायला नको. म्हणून आधी एक छोटी मोटर क्षेपणास्त्राला नळीतून बाहेर फेकते आणि नळीच्या आतच विझते. मुख्य मोटर पेटते ती काही मीटर पुढे गेल्यावर.

डोळ्याचं काम लेनिनग्राडच्या दुर्बिणी-भिंगांच्या कारखान्याकडे होतं आणि सगळं काम तिथे अडलं. वर्षं जात राहिली. 1965 मध्ये शाविरिन वारला. स्त्रेला सैन्यात दाखल झाली जानेवारी 1968 मध्ये, म्हणजे ठरावानंतर सात वर्षांहून जास्त काळाने. उत्पादन कोव्रोवच्या कारखान्यात. शाविरिनच्या जागी आलेल्या माणसाचं नाव सेर्गेई नेपोबेदिमी. रशियन भाषेत या आडनावाचा अर्थ ‘अजिंक्य’. हे टोपणनाव नाही बरं का, खरंच आडनाव. 1945 पासून तो कोलोम्न्याला होता.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे, की हे सगळं अमेरिकेची नक्कल नव्हती का? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत ‘रेडआय’ नावाच्या अशाच शस्त्राचं काम 1950 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं होतं आणि त्याची चर्चा उघड होत होती. सोव्हिएतांना त्याची खबर होती, यात शंका नाही. पण दोन्ही शस्त्रं सैन्यात आली ती जवळपास एकाच सुमारास. तयार यंत्र समोर ठेवून नक्कल करायला तेवढा वेळच नव्हता. कल्पना ऐकीव, घडण स्वतःची, असं मी म्हणेन.

आता या पहिल्या स्त्रेलाची मर्यादा बघा. डोळा थंड न केलेला, त्यामुळे त्याला फक्त खूप तापलेली गोष्ट दिसे. म्हणजे विमानाची तोटी. तोटी दिसते कधी? विमान तुमच्या डोक्यावरून पुढे गेल्यावर. समोरून येणाऱ्या जेटवर ही स्त्रेला आंधळी होती. त्याने बॉम्ब टाकायचे, तुम्ही वाचायचं आणि मग तो पाठ करून जाताना मागून बाण सोडायचा. पल्ला साडेतीन किलोमीटरच्या आत, उंची दीड किलोमीटर. बॅटरी एकदा चालू केली की अर्ध्या मिनिटाच्या आसपास काय ते उरकायचं. सूर्याकडे नेम गेला तर बाण सूर्याचाच पाठलाग करणार. आणि स्फोटक किती? सव्वा किलोही नाही.

युद्धात ती पहिल्यांदा वापरली गेली 1969 च्या ऑगस्टमध्ये, सुएझ कालव्यावर, इजिप्तकडून इस्रायलविरुद्ध. 1972 मध्ये व्हिएतनाममध्ये आली. 1973 च्या ऑक्टोबर युद्धात तर इजिप्त आणि सीरियाने ती मोठ्या संख्येने डागली, पण पाडलेली विमानं त्या मानाने थोडी. इस्रायलची स्कायहॉक विमानं शेपटाला मार खाऊन घरी परत येत होती. मग त्यांच्या अभियंत्यांनी काय केलं? विमानाची तोटी मागे लांब वाढवली. बाण तापलेल्या टोकावर फुटतो ना? मग ते टोकच इंजिनापासून दूर नेऊ. स्फोट होईल तो रिकाम्या नळकांड्याच्या टोकाला. स्वस्त आणि हुशार इलाज.

मग हे शस्त्र फसलं का? आकडा बघणारे म्हणतील फसलं. मी म्हणतो वैमानिकाला विचारा. व्हिएतनाममध्ये अमेरिकनांची छोटी पंख्याची विमानं झाडांच्या शेंड्यांलगत घिरट्या घालून खालचं लक्ष्य दाखवत. स्त्रेला आल्यावर त्यांना वर जावं लागलं, आणि वरून दिसतं कमी. जून 1972 मध्ये एक मोठं तोफधारी एसी-130 विमान स्त्रेलाने पाडलं. इस्रायली वैमानिक खाली आला तर स्त्रेला आणि शिल्का तोफा, वर गेला तर मोठी क्षेपणास्त्रं. बाण लागो न लागो, तो खाली कुठेतरी असू शकतो एवढं माहीत असणं पुरेसं होतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण जिथे आहे तिथे आता जाऊ, आणि त्या उदाहरणाचा धागा आपल्या गोव्यापर्यंत येतो. पश्चिम आफ्रिकेत गिनी-बिसाऊ नावाचा छोटासा देश आहे, तेव्हा पोर्तुगालची वसाहत. तिथे अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने 1963 पासून सशस्त्र लढा चालवला होता. काब्राल शेतीतज्ज्ञ होते, आणि विचारवंत म्हणूनही मोठे, एखादं व्याख्यान त्यांच्यावर व्हायला हवं. खारफुटीची जंगलं, दलदल, नद्या. पोर्तुगीज सैन्य तिथे टिकून होतं ते विमानांच्या आणि हेलिकॉप्टरच्या जोरावर. एकाकी ठाण्यांना रसद वरून, जखमींना नेणं वरून, हल्ला झाला की मदत वरून. जानेवारी 1973 मध्ये काब्राल यांचा खून झाला. पोर्तुगालला वाटलं असेल की आता चळवळ मोडेल. पण त्यांच्या माणसांनी सोव्हिएत संघात स्त्रेलाचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. 25 मार्चला पहिलं फियाट जेट पडलं, वैमानिक उडी मारून वाचला. तीन दिवसांनी दुसरं पडलं, त्यात हवाई दलाचा एक वरिष्ठ अधिकारी ठार झाला. एप्रिलच्या सुरुवातीला एकाच दिवशी तीन छोटी विमानं गेली.

पाच विमानं. महायुद्धाच्या हिशोबात ही संख्या म्हणजे काहीच नाही. पण काही काळ उड्डाणं एकदम आखडली. जंगलातल्या ठाण्यात पाय तुटून पडलेल्या पोर्तुगीज शिपायाला तोवर खात्री होती, की हेलिकॉप्टर येईल. आता ती खात्री उरली नाही. मे महिन्यात गिलेजे नावाचं महत्त्वाचं ठाणं सैन्याने सोडून दिलं. 24 सप्टेंबर 1973 रोजी गिनी-बिसाऊने स्वातंत्र्य जाहीर केलं. पोर्तुगीजांनी नंतर उपाय शोधले, विमानं उंचावरून नेली, उष्णता कमी दिसेल असा रंग दिला. पण तरुण अधिकाऱ्यांच्या मनातून ते युद्ध गेलेलं होतं. तिथला गव्हर्नर जनरल स्पिनोला याने लिस्बनला परतल्यावर फेब्रुवारी 1974 मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की हे युद्ध शस्त्राने जिंकता येणार नाही. 25 एप्रिल 1974 ला लिस्बनमध्ये सैन्यानेच हुकूमशाही उलथवली. शिपायांच्या बंदुकीच्या नळीत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली, ते छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल.

आणि गोवा? भारताने गोवा मुक्त केला डिसेंबर 1961 मध्ये. पण पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं. तेरा वर्षं त्यांच्या दृष्टीने गोवा आपण बळकावलेला प्रांत होता. लिस्बनमध्ये सत्ता बदलली आणि 31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत करार झाला. नव्या सरकारचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश आले, त्यांनी सही केली, आणि गोवा, दमण, दीव, दादरा-नगरहवेली भारताचे आहेत हे पोर्तुगालने कबूल केलं. स्त्रेलामुळे गोव्याला मान्यता मिळाली असं मी म्हणत नाहीये. इतिहासात एवढी सरळ रेघ कधी नसते. हुकूमशाहीच्या पतनाला अंगोला होतं, मोझांबिक होतं, लिस्बनमधली महागाई आणि सक्तीची लष्करभरती होती. पण कोलोम्न्यातल्या उखळी तोफावाल्यांनी केलेल्या कामाचा एक पदर मांडवीच्या काठापर्यंत येतो, एवढं नक्की. आणि तो येतो पाच विमानांमुळे नव्हे, त्यानंतर न उडालेल्या विमानांमुळे.

इथे कोणाला वाटेल की वा, हे तर गरिबांचं, मुक्तीचं शस्त्र! त्या काळात तसं लिहिलं जायचंही. आमच्या विद्यार्थिदशेत डाव्या मित्रांच्या बोलण्यात हा सूर असे. त्यांनी ऱ्होडेशियाकडे बघायला हवं होतं. 3 सप्टेंबर 1978. करिब्याहून सॅलिस्बरीला निघालेलं एअर ऱ्होडेशियाचं व्हायकाउंट विमान. नागरी विमान, सुट्टीहून परतणारे प्रवासी, 56 माणसं. गोऱ्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या जोशुआ न्कोमो यांच्या गनिमांनी त्यावर स्त्रेला डागली. विमान कोसळूनही 18 जण जिवंत राहिले. त्यातल्या दहा जणांना गनिमांनी जमिनीवर गोळ्या घातल्या. पाच महिन्यांनी, फेब्रुवारी 1979 मध्ये, तशाच दुसऱ्या विमानावर बाण सुटला आणि त्यातले सगळे 59 गेले. त्या विमानात शत्रूचा सेनापती असेल असा समज होता, असं नंतर सांगण्यात आलं.

मला इथे दशरथ आठवतो. शब्दवेधी बाण. त्याने श्रावण पाहिलाच नव्हता. पाण्यात घडा बुडताना झालेला बुडबुड आवाज ऐकला, हत्ती आहे असं मानलं आणि बाण सोडला. दशरथाची विद्या खोटी नव्हती, बाण अचूक लागला. चूक होती ती खुणेला वस्तू मानण्यात. आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवतो, आणि धूर नसून धुकं असेल तर काय, हेही शिकवतो. स्त्रेलाच्या डोळ्याला बॉम्बफेकी विमानाचं इंजिन आणि सुट्टीहून परतणाऱ्या मुलाबाळांच्या विमानाचं इंजिन सारखंच. ती उष्णतेचा वेध घेते. ‘शत्रू’ हा शब्द तिच्या डोळ्यात कुठे कोरलेला नसतो, तो खांद्याच्या मालकाच्या मनात असतो. आणि एकदा सोडली की परत बोलावता येत नाही. महाभारतात अर्जुनाला ब्रह्मास्त्र मागे घेता येत होतं, अश्वत्थाम्याला नाही. ‘डागा आणि विसरा’ असं या जातीच्या क्षेपणास्त्रांचं कौतुक केलं जातं. त्यातलं ‘विसरा’ मला नेहमी खटकतं.

आणि खांदा तरी कोणाचा? तेही कोलोम्न्याच्या हाती राहिलं नाही. चीनने स्त्रेला उलगडून बघितली आणि एचएन-5 नावाने स्वतःची बनवली. त्या घराण्यातून पाकिस्तानची ‘अंझा’ आली. इजिप्तने आपली काढली. सगळ्यात क्रूर विनोद अफगाणिस्तानात झाला. 1979 च्या अखेरीस सोव्हिएत फौजा तिथे शिरल्या आणि मुजाहिदीनांना अमेरिकेने पहिल्यांदा जी विमानविरोधी क्षेपणास्त्रं पोचवली ती सोव्हिएत बनावटीची स्त्रेलाच होती. म्हणजे सोव्हिएत हेलिकॉप्टरवर सोव्हिएत बाण. नंतर सप्टेंबर 1986 मध्ये जलालाबादजवळ अमेरिकन स्टिंगर आली आणि तिचा गाजावाजा झाला. पण त्याआधीच सोव्हिएत वैमानिक फ्लेअर सोडायला शिकले होते.

हे फ्लेअर म्हणजे जळत्या मॅग्नेशियमचे गोळे. विमान ते मागे टाकत जातं, बाणाचा डोळा फसतो आणि इंजिन सोडून गोळ्याच्या मागे लागतो. इथून पुढचा कोलोम्न्याचा इतिहास म्हणजे या फसवणुकीशी केलेली झटापट. 1974 मध्ये स्त्रेला-3 आली. तिच्या डोळ्याला नायट्रोजनच्या कुपीने थंड केलं जाई. हा डोळा कीव्हच्या ‘आर्सेनल’ कारखान्याचा, म्हणजे आजच्या युक्रेनचा! थंड डोळ्याला कमी तापलेली वस्तूही दिसते, म्हणून आता समोरून येणारं विमानही टप्प्यात आलं. उत्तर द्यायला वार होण्याची वाट बघायला नको. आणि 1971 पासून ज्याचं काम चालू होतं ती इग्ला शेवटी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आली, साधी आवृत्ती 1981 मध्ये आणि पूर्ण इग्ला 1983 मध्ये. उशिराचं कारण पुन्हा तेच, डोळा. इग्लाचा डोळा दोन वेगवेगळ्या अवरक्त पट्ट्यांत बघतो. जळता गोळा आणि इंजिन यांची उष्णता दोन्ही पट्ट्यांत सारख्या प्रमाणात नसते, त्यावरून खरं-खोटं ओळखायचं. शिवाय अगदी जवळ गेल्यावर नेम तोटीवरून थोडा पुढे, विमानाच्या धडाकडे सरकवायचा. स्कायहॉकच्या त्या लांब नळकांड्याला हे रशियनांचं उत्तर. आणि उरलेलं इंधनही स्फोटकाबरोबर उडवायचं. तिच्या नाकावर खरोखर एक सुई असते. डोळ्यासाठी नाक गोल ठेवावं लागतं, पण आवाजापेक्षा जास्त वेगाने जाताना गोल नाकाला हवा फार अडवते. ती सुई हवेला आधीच फाडते.

नेपोबेदिमी यांचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. त्यांनी ‘ओका’ नावाचं एक मोठं, जमिनीवरून जमिनीवर मारा करणारं क्षेपणास्त्र केलं होतं, पल्ला 400 किलोमीटर. 1987 च्या अमेरिका-सोव्हिएत करारात 500 किलोमीटरपासून पुढची क्षेपणास्त्रं नष्ट करायची होती. तरी गोर्बाचेव्ह सरकारने ओकाही त्या यादीत घातलं. 1989 मध्ये नेपोबेदिमी यांनी कोलोम्न्याची संस्था सोडली. 2014 मध्ये ते वारले.

आता कारगिल. 27 मे 1999 रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-27 चं इंजिन बंद पडलं, त्यांना शोधायला घिरट्या घालणाऱ्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांच्या मिग-21 वर खांद्यावरचं क्षेपणास्त्र लागलं. दुसऱ्या दिवशी तोलोलिंगजवळ एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं, चौघे गेले. आपल्याकडे बहुतेक जण ते स्टिंगर होतं असं मानतात, पाकिस्तानने अंझाचं नाव सांगितलं. अंझाचं नाव खरं धरलं, तर कोलोम्न्याचा बाण पेकिंगमार्गे रावळपिंडीला आणि तिथून द्रासला पोचला होता. त्या चार हेलिकॉप्टरांच्या तुकडीत जे पडलं त्याच्यावर फ्लेअर सोडायची सोय नव्हती.

इथे भूगोल लक्षात घ्या. या शस्त्राची उंची मोजतात ती डागणाऱ्याच्या पायापासून. माणूसच जर पाच हजार मीटरच्या शिखरावर बसला असेल, तर दऱ्यांतून उडणारं विमान त्याच्या बरोबरीला किंवा खालीच येतं. म्हणून त्या दोन दिवसांनंतर सशस्त्र हेलिकॉप्टर हल्ल्यातून काढून घेतली, जेट विमानं टप्प्याच्या वर नेली. वरून साधे बॉम्ब पाहिजे तिथे पडेनात. मग उंचावरून अचूक मारण्याचे उपाय शोधावे लागले, आणि 24 जूनला मिराज विमानांनी टायगर हिलवर लेझरने दिशा दिलेले बॉम्ब टाकले. एका महिन्यात आपलं हवाई दल वेगळ्या पद्धतीने लढायला शिकलं. व्हिएतनाम, सुएझ, गिनीत जे झालं तेच इथे झालं. फरक एवढाच, की या वेळी वर आपण होतो.

इग्ला आपल्या सैन्याकडे आधीपासून होतीच. तिच्या जागी नवं शस्त्र घेण्याची प्रक्रिया 2010 मध्ये सुरू झाली. स्वीडनचं एक, फ्रान्सचं एक आणि रशियाची इग्ला-एस अशी स्पर्धा होती. 2018 मध्ये सर्वात कमी किंमत इग्ला-एसची निघाली. आठ वर्षं! शाविरिनच्या माणसांना ते शस्त्र शून्यातून बनवायला जवळपास तेवढीच लागली होती, आपल्याला निवडायला लागली. या इग्ला-एसमध्ये स्फोटक दुपटीहून जास्त, सुमारे अडीच किलो, आणि पल्ला सहा किलोमीटर. 2024 मध्ये तिच्या नव्या खरेदीतला पहिला हप्ता आला, 24 डागण्याच्या नळ्या आणि 100 क्षेपणास्त्रं, असं वर्तमानपत्रांत होतं.

रशियन माणूस युद्धसाहित्य घेऊन दख्खनमध्ये येण्याची परंपरा तशी जुनी आहे म्हणा. अफानासी निकितीन नावाचा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला तो एक घोडा घेऊन. घोडा म्हणजे त्या काळचा रणगाडाच. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो काढून घेतला, मोठ्या मिनतवारीने परत मिळाला, आणि शेवटी त्याने तो बहमनींच्या बीदरला विकला. नफा फारसा झाला नाही, अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. आजच्या रशियन विक्रेत्यांची तशी तक्रार नसावी.

आपलं स्वतःचं शस्त्रही तयार होतंय. हैदराबादच्या संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्या जुन्या राजधानीतच, डीआरडीओच्या इतर प्रयोगशाळांबरोबर ते बनवलं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये चांदीपूरच्या किनाऱ्यावर पहिल्या चाचण्या झाल्या, ऑक्टोबर 2024 मध्ये पोखरणला झाल्या, फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा चांदीपूरला. फेब्रुवारी 2025 च्या चाचण्यांत लक्ष्य होती ती खूप खालून उडणारी वेगवान ड्रोनसारखी यानं. ड्रोनचं इंजिन बारीक असतं, त्याची उष्णता अगदी थोडी, आणि अनेकदा त्यात माणूसही नसतो. म्हणजे घाबरून वर जाणारा वैमानिकच तिथे नाही. गेल्या साठ वर्षांत या बाणाने जे काही साधलं ते बहुतेक त्या वैमानिकाच्या मनात साधलं होतं. युक्रेनमध्ये आज दोन्ही बाजूंचे शिपाई इग्ला खांद्यावर घेऊन रात्री आकाशात बघत उभे असतात, आणि एका बाजूच्या काही नळ्यांत अजूनही कीव्हमध्ये आखलेल्या डोळ्यांचे वंशज आहेत, तर दुसऱ्या बाजूच्या कोलोम्न्याहून आलेल्या. वरून जे येतं ते बऱ्याचदा स्कूटरच्या इंजिनासारखा फटफट आवाज करत येतं. दशरथासारखं तेही आधी ऐकूच येतं.

वेळ झाली आहे. चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, आता त्या घेऊ.